मशीनबाईचे चॉकलेटचे गोळे

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना शेवटच्या रांगेत बसवायची अक्कल कोणाची, ते मला आधी कळायला हवं. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या. त्यांचे कान शाबूत आहेत, ते व्हरांड्यात उभे राहूनही ऐकतील. मागे माझी माणसं आहेत. त्यांना पंखा नाही, आवाज पोचत नाही, आणि टाळ्या कधी वाजवायच्या ते पुढच्यांचे हात बघून ठरवायचं. शिवाय हा माइक. अध्यक्षांच्या उंचीचा लावलाय. कोणीतरी खाली करा. अजून. बस, पुरे. मी काही अजून जमिनीत गेलेली नाही.

आता रीतीप्रमाणे. या सभेचे अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते व्यवस्थापक साहेब, उद्यापासून त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या मॅडम, या आश्रमाला फ्रिज देणारे मंचावरचे पाहुणे, पुढच्या रांगांतली सभ्य माणसं, मागच्या रांगांतली माझी म्हातारी मंडळी, आणि वरच्या मजल्यावर अंथरुणात पडून ऐकणारे, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

सगळ्यांत जुनी राहणारी म्हणून मला बोलायला उभं केलंय. हातात कागद पण दिलाय. मी तिसरीत शाळा सोडली, तरी वाचता येतं. यात साहेब वटवृक्ष आहेत आणि आम्ही पाखरं आहोत. कागद चांगला आहे. तो मी घडी घालून साहेबांना देते, घरी लावतील.

साहेबांचे गुण मला माहीत आहेत, त्याला कागद कशाला? पाणी कधी तुटू दिलं नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घेतला, त्या कठड्याचे माझ्या गुडघ्यांवर उपकार आहेत. आणि हा आवाज वर नेणारा कर्णा त्यांनीच बसवला. खाली समारंभ असला की वरच्यांना तो पडल्यापडल्या ऐकू यावा म्हणून. चांगली गोष्ट आहे. नाही कोण म्हणतो?

वरच्या मजल्यावर आमची एक छोटी चहाची खोली होती. होती म्हणते, कारण शेगडी काढून नेली. एका आजोबांनी दूध ठेवलं आणि झोपले. पातेलं जळलं, भिंत काळी झाली. दुसऱ्या दिवशी साहेब आले, म्हणाले, "आता जाळ नको." बरोबर होतं त्यांचं. पण ज्या बायकांनी आयुष्यभर चुलीपुढे शिव्या घातल्या, त्याच बायका त्या रिकाम्या ओट्याकडे बघून रडल्या. मी रडले नाही. मी इस्पितळाच्या धुलाईत चादरी धुतल्यात, माझं रडणं तिथल्याच पाण्यात वाहून गेलं.

माझ्या खोलीत तेव्हा मशीनबाई होती. हे नाव मीच ठेवलेलं. जन्मभर शिवणयंत्र चालवलं तिनं, शर्टांच्या कॉलरी शिवून शिवून तिची मान कायमची पुढे आली होती. झोपेतसुद्धा उजवा पाय हलायचा. मी म्हणायची, "बाई, किती शिवशील, दुकान बंद झालं." ती म्हणायची, "तुझं तोंड शिवायचं राहिलंय."

तिचा मुलगा दर रविवारी यायचा. हेच ते, फ्रिजवाले पाहुणे. त्यांच्यासोबत त्यांची आठ वर्षांची मुलगी. ती पोरगी कॉटच्या कडेला टेकायची, मोबाइलमध्ये तोंड घालायची आणि बाप उठला की उठायची. मशीनबाईला ते लागायचं. एकदा तिनं पोरीला विचारलं, "तुला काय आवडतं गं?" पोरगी वर न बघता म्हणाली, "ट्रफल." 

"ते काय असतं?"

"चॉकलेटचे गोळे, आजी. आत बिस्किट आणि पीनट बटर. भाजायचं नाही, शिजवायचं नाही. सोप्पं असतं." आणि तिनं मोबाइलवर दाखवलं. एका बाईचे नुसते हातच दिसत होते. 

पोरगी गेल्यावर मशीनबाई म्हणाली, "जाळ नको आहे याला. ऐकलंस?"

मी म्हटलं, "ऐकलं. गोळ्याला इंग्रजी नाव दिलं की झालं तुमचं."

पण केले आम्ही. सांगते कसे, पुढच्या रांगेतल्या बायकांना उपयोगी पडेल. चॉकलेटची बिस्किटं पिशवीत घालायची आणि बाटलीनं कुटायची. अगदी पीठ करायचं, एक खडा राहिला तर गोळा फुटतो. त्यात पीनट बटर. म्हणजे शेंगदाणे वाटून वाटून लोण्यासारखे झाले की ते. हातानं मळायचं. कोरडं वाटलं तर आणखी एक चमचा, पण जपून, सैल झालं की हाताला चिकटून बसतं. लिंबाएवढे गोळे वळायचे, फ्रिजमध्ये टणक होऊ द्यायचे. तेव्हा आम्हाला फ्रिज नव्हता. खालच्या आचाऱ्याची मिनतवारी करून त्याच्या भाजीच्या फ्रिजमध्ये ताट सरकवायचं. मग चॉकलेटचे तुकडे वाटीत घालून ती वाटी कढत पाण्याच्या भांड्यात ठेवायची. पाणी चहाच्या थर्मासमधलं. चॉकलेटात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याचा चिखल होतो. वितळलं की गोळा काट्यानं बुडवायचा, कागदावर ठेवायचा. झालं.

पहिल्या खेपेला मशीनबाईनं एक चाखला. तिला वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या. ते पीनट बटर टाळूला असं बसलं, की वरची कवळी सुटली आणि गोळ्यात रुतून बाहेर आली. मी एवढी हसले की मला बाथरूमला जावं लागलं. ती गोळ्यातून दात उपटत म्हणाली, "करीन मी, पण मेले तरी खाणार नाही." आणि नाही खाल्ला. पुढच्या प्रत्येक खेपेला कामाआधी ती कवळ्या काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची, खिडकीत. म्हणायची, "मोह नको."

आणि पोरगी? पोरगी मोबाइल उलटा ठेवून खायला लागली. आजीच्या मांडीला टेकून. एक खाल्ला की दुसऱ्याला हात. रविवारची भेट लांबायला लागली. बाप घड्याळ बघायचा आणि पोरगी म्हणायची, "थांब ना." मशीनबाई आठवडाभर त्या "थांब ना"वर जगायची. मी हे गोड करून सांगत नाही, मला गोड आवडतही नाही. होतं तसं सांगते.

आता घंटेचं. नव्या मॅडम, हे तुमच्या कामाचं आहे. वर प्रत्येक कॉटशेजारी एक बटण आहे. दाबलं की खाली ऑफिसात घंटा वाजते आणि बटणाशेजारी बारीक लाल दिवा लागतो. घंटा वाजली की खालचं माणूस वर येतं. असं ठरलेलं. आम्ही ती खूप वाजवायचो, हे कबूल. खिडकी लावा, खिडकी उघडा. एक आजोबा तर आज वार कोणता हे विचारायला वाजवायचे, आणि सांगितल्यावर म्हणायचे, "खात्री आहे ना?" खालच्यांचं डोकं उठणार नाही तर काय. मग साहेबांनी दुपारच्या जेवणानंतर घंटेचा खटका खाली करून ती बंद ठेवायला सांगितलं. दुपारपुरतं. पुढे तो वर करायचा राहायला लागला. पुढे त्यावर चिकटपट्टी लागली.

आम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि कळणार कसं? आमच्या बाजूचा लाल दिवा लागतच होता. आम्ही दाबायचो, दिवा लागायचा, कोणी यायचं नाही. आम्ही म्हणायचो, कामात असतील बिचारे.

साहेब, हात करू नका, मी संपवते. माझी वेळ आहे ही, तुम्हीच दिलेली.

तो शनिवार होता, दुपारची जेवणं झालेली. दुसऱ्या दिवशी पोरगी येणार होती. मशीनबाई गोळे वळत होती, मी बिस्किटं कुटत होते. ती म्हणाली, "छातीत भरून आल्यासारखं होतंय." मी म्हटलं, "जेवलीस जास्त." तिनं मान हलवली. कपाळाला घाम. म्हणाली, "दाब गं बटण, माझे हात भरलेत." माझेही भरलेले. मी कोपरानं दाबलं. लाल दिवा लागला. मी म्हटलं, "येतील." 

किती वेळ गेला ते विचारू नका. घड्याळ माझ्या पाठीमागे होतं आणि मी तिच्याकडे बघत होते. परत दाबलं. दिवा लागला. हाका मारल्या, शेजारच्या खोल्यांतली जेवून झोपलेली, आणि जी जागी होती ती बहिरी. दिवा लागला नसता तर मी तेव्हाच खाली निघाले असते. एवढं एकच मला सांगायचंय, ते नीट ऐका. दिवा लागला म्हणून मी तिच्यापाशी थांबले.

शेवटी उतरले. साहेबांच्या कठड्याला धरून, त्याला अजून कुठेतरी माझ्या हातचं बिस्किटाचं पीठ लागलेलं असेल. ऑफिसात कोणी नव्हतं. भिंतीवर घंटेचा खटका खाली केलेला, त्यावर चिकटपट्टी. सगळे इथे, या हॉलमध्ये होते. विश्वस्तांची सभा होती, खुर्च्या मांडत होते. साहेबांनी मला दारात बघितलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही कशाला उतरलात? बेल वाजवायची ना."

वर गेलो तोवर संपलं होतं. खुर्चीत बसलेली, डोकं टेबलावर, तळहात वर. साहेबांनी हात बघितले, ताटातले गोळे बघितले, आणि माझ्यासमोर तिच्या मुलाला फोन लावला. म्हणाले, "काहीतरी करून खात होत्या. घशात अडकलं." डॉक्टर आले, त्यांनी साहेबांना विचारलं. मला कोण विचारतं? गोळे झाडूवाल्या बाईनं पिशवीत भरून नेले. त्या दिवसापासून वर खायचं काही करायला बंदी आहे. ऑफिसला कुलूप असतं. पाहुण्यांनी दिलेल्या फ्रिजमध्ये औषधं ठेवतात. 

तर पाहुणे, आता तुमच्याशी. तुम्ही आलात आणि आईच्या कॉटशेजारी उभे राहिलात. माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी वाटीत विष कालवलं होतं. नंतर जिन्यात भेटलात तेव्हा भिंतीकडे तोंड केलंत. मला राग नाही. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही धरून बसलात. पण तुमच्या आईच्या तोंडात काही नव्हतं. तोंड मी पुसलं. मी चादरी धुणारी बाई, घशात अडकून गेलेलं माणूस कसं दिसतं ते मला कोणी शिकवायला नको. आणि तिचे दात खिडकीत, पाण्याच्या वाटीत होते. बिनदाताची बाई तो गोळा खाणार कशानं? तुम्ही बघितलीत तेव्हा दात तोंडात होते, बरोबर. ते मी बसवले. तुम्ही येताय म्हणून कळलं, आणि बिनदाताचं तिला कोणी बघितलेलं तिला चालायचं नाही. केस विंचरले, दात बसवले, हात धुतले. तिथेच माझी साक्ष गेली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगायला फोन करवला, तुम्ही घेतला नाही. मी तुमची क्षमा मागत नाही. तुमच्या पोरीला मात्र सांगा, की ती तिच्या आजीच्या गोळ्यांनी आजी गेली असं समजते आहे, ते खोटं आहे. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ते ओझं ठेवायचं नसतं.

पुढच्या रांगेत कुजबुज चालली आहे, चालू द्या. अध्यक्ष महाराजांना आठवण करून देते, चहा नंतर आहे. 

आता आभार. संस्थेनं मला कॉट दिली, दोन वेळचं जेवण दिलं, त्याबद्दल आभारी आहे. हे बोलल्यावर ती कॉट काढून घ्यायची असेल तर माझ्या मुलाला फोन करू नका, तो नेणार नाही, विचारून झालंय. साहेबांना पुढचं आयुष्य निरोगी जावो. त्यांच्या उशाशी जे बटण असेल ते वाजो. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव मागेपुढे झालं असेल, तर अडाणी बाई म्हणून पदरात घ्या. 

एक राहिलं. मशीनबाईच्या कॉटवर आता नवी बाई आहे. तिची एक बाजू गेलेली आहे, तिला उठता येत नाही. खालचं सगळं तिला वर ऐकू येतं. ऐकतेस ना गं? दाब बटण. दाबून ठेव, सोडू नकोस.

ऑफिस त्या दारापलीकडे आहे. आज समारंभ म्हणून दार उघडं आहे. आता सगळे जरा गप्प बसा.

मागच्यांनो, तुम्ही कान देऊन उपयोग नाही. पुढच्यांनो, तुम्हाला आलं ऐकू काही? अध्यक्ष? पाहुणे, तुम्हाला?

वर तिच्या उशाशी लाल दिवा लागला असेल. ती म्हणत असेल, येतील.

साहेब, तुम्ही बसा, तुमचा सत्कार झालाय. शिपाई, तूही बस. मॅडम, तुम्ही उठा. जिना त्या बाजूला आहे, कठडा धरून जा. आधी तिच्याकडे जायचं, चिकटपट्टी नंतर काढायची.