शर्ली, तू कुठे आहेस?

...आणि वर मलाच सांगतो, "सर, शब्दाला धक्का नाही लावला!" नाहीच लावला हो, मी कुठं नाही म्हणतोय? सगळे शब्द जिथल्या तिथं होते, काना-मात्रासुद्धा हलली नाही... पण तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोच्या मरणावरची कविता, आणि आमचं अख्खं पापडी गाव तिच्यावर नाचलं!

शर्ली जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. जन्मभर शाळेत मराठी शिकवली मी, पण तिच्या दफनाच्या वेळी तोंडातून अक्षर फुटलं नाही, नुसता खांबासारखा उभा. फार लागून राहिलं ते मनाला. म्हणून ही कविता लिहिली, म्हटलं वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की तिच्या कबरीपाशी वाचायची, बस्स! पण तोंड गप्प बसतं का? गावच्या मंडळात बोलून गेलो. झालं! चर्चच्या पटांगणात त्यांचा 'कविता आणि संगीत' कार्यक्रम होताच, त्यात घाला म्हणाले. मी वाचतो म्हटलं, तर म्हणे, नुसती कविता कोण ऐकतं, सर? चाल लावू!

आणि चाल लावणार कोण? शेजारच्या उमेळ्याचा स्टॅनी! एरवी वालीवच्या कारखान्यात, आणि सुट्टीला लग्नात कीबोर्ड. मी त्याला बजावलं, बाबा रे, दुःखाची कविता आहे, सावकाश घे. त्यानं डोळे मिटून ऐकली, खरंच पाणी आलं हो त्याच्या डोळ्यांत, खोटं कशाला बोलू? मग डोळे पुसून म्हणतो, "सर, भारी आहे. फक्त थोडा ठेका टाकतो, नायतर पब्लिक उठून जाईल. शब्दाला धक्का नाही!"

पहिलं कडवं छान गेलं. दारात तुझी चप्पल आहे, ओट्यावर तुझी किसणी आहे... समोर माझी मुलगी फेलिशिया रुमाल शोधतेय, मी म्हटलं, जमलं! आणि तेवढ्यात ड्रम वाजला. आता आमच्याकडं ड्रम वाजल्यावर खुर्चीत बसून राहणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर रुसलेला! जोड्या उठल्या. शर्लीचा सख्खा भाऊ फर्डिनंड, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, तोही उठला! आणि आलं धृपद, 'शर्ली, तू कुठे आहेस?' लग्नात हा स्टॅनी विचारतो ना, "नवरीकडचे कुठे आहेत?" आणि ते हात वर करून ओरडतात... तीच सवय हो! त्यानं माइक फिरवला लोकांकडं, आणि अख्खं पटांगण ओरडलं, "इथेऽऽ!"

मी इतके महिने विचारत होतो त्या रिकाम्या घराला, आणि उत्तर कुणी दिलं? पटांगणानं! वन्स मोअर झाला, तुम्हाला सांगतो, वन्स मोअर! मी स्टॅनीला धरला, तर तो मनापासून खूश, "सगळ्यांना पाठ झालं, सर! आणि शब्दाला धक्का नाही!" मग काय, वसईत एक लग्न त्या गाण्याशिवाय लागेना. पोरंटोरं मला रस्त्यात 'इथे' करून हात दाखवायची.

तरी म्हटलं, कबर आपली आहे, तिथं ड्रम नाही, कीबोर्ड नाही. वर्षाची मिस्सा झाली, फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, मागं घरचे, शेजारचे, सगळे माना खाली घालून उभे. मी वाचायला लागलो. सावकाश, जशी लिहिली होती तशी. चप्पल झाली, किसणी झाली, कुठं अडखळलो नाही, मीच मनात म्हटलं, शाब्बास! आणि विचारलं, शर्ली, तू कुठे आहेस?

...तुम्हाला सांगतो, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सवय! मागून सगळे एका सुरात, अगदी हळू, फादरसकट... "इथे."

फेलिशिया दचकली, मग कबरीकडं बघून ढसाढसा रडायला लागली. माझी अजून दोन कडवी बाकी होती... पण उत्तर मिळाल्यावर माणूस पुढं काय वाचणार हो? कागद घडी करून खिशात घातला.