चार स्वेटर

राजवाड्याच्या तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढची मुलगी स्पीकर लावून व्हिडिओ कॉलवर आईशी मराठीत बोलत होती. परक्या देशात मराठी कानावर पडली की कान आपसूक तिकडे जातात.

"आई, रांग सरकतेय. ठेवू का?"

"सरकू दे. आधी बाग दाखव."

"चार रविवार फोटो पाठवले की."

"पाठवलेस. दर रविवारी नवा स्वेटर. मागचा शिडीवरचा माळी मात्र तोच, आणि झुडूप चारही फोटोंत अर्धंच कापलेलं. इतका आळशी माळी कुठल्या राजाने ठेवला?"

"एकाच दिवशी काढले. स्वेटर पिशवीत घालून नेले होते. तुला वाटावं, मी हिंडते-फिरते."

"आणि एरवी?"

"खोलीतच असते. गेल्या आठवड्यात वर्गातही गेले नाही."

"हं."

"बाबांना कळलंय?"

"त्यांना नुसते स्वेटर दिसले. मला दुसऱ्याच रविवारी कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू आपणहून सांगशील म्हणून थांबले. काल राहवेना, म्हणून म्हटलं, उद्या तिथूनच व्हिडिओ कॉल कर. फिरव बघू फोन. माळी आहे का?"

"नाही. शिडीपण नाही. झुडूप पूर्ण कापून झालंय. हे बघ, कुंपणाच्या आत."

"दिसलं. म्हणजे आज खरंच गेलीस. अंगात कुठला स्वेटर आहे?"

"आठवडाभर हाच आहे."

"असू दे. चल, पुढे हो. मागची माणसं खोळंबलीयत."