पांघरूण ऊब देत नाही

आदरणीय अध्यक्षा, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, माझे सहकारी, पालक, माजी विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत बसलं की आपण कुणाला दिसत नाही असं समजणारे आजी विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

सगळ्यात आधी ताजी बातमी. बाळ आज सकाळपासून काचेच्या पेटीबाहेर आहे आणि तिचे तळपाय गरम आहेत. नवजात बालकांच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टरनी हे सांगितलंय. माईकपाशी येण्याआधी मी वहिनींच्या फोनवरून त्यांच्याशी स्वतः बोलले, तेव्हा ही ऐकीव गोष्ट नाही.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आज ज्यांचा निरोप समारंभ आहे ते आमचे भौतिकशास्त्राचे सर इथे नाहीत. व्यासपीठावरची मधली खुर्ची त्यांचीच. सर या क्षणी हॉस्पिटलमध्ये एका आरामखुर्चीत, उघड्या छातीवर नातीला घेऊन बसलेत. नात दिवस भरायच्या बरीच आधी जन्माला आली. तिच्या आईला, म्हणजे सरांच्या लेकीला, बाळंतपणात जंतुसंसर्ग झाला, ताप हटेना, आणि मायलेकींना दोन वेगळ्या वॉर्डांत ठेवावं लागलं. आईने बाळाला अजून एकदाही जवळ घेतलेलं नाही. बाळाला असं घेऊन बसायच्या पाळ्या असतात, आणि या समारंभामुळे आज दुपारची पाळी जावयांनी घेतली होती. ते सकाळी शिंकले. सिस्टरनी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि सरांनी शाळेत फोन केला की कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होऊ द्या, फक्त माझ्याशिवाय.

कार्यक्रम पुढे ढकलू या, असं अध्यक्षांनी सुचवलं होतं. त्यावर वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, “नको. लोकांनी भाषणं पाठ केली असतील, त्यांचे हाल होतील.” त्यामुळे मी आपल्यासमोर उभी आहे.

मी भाषा शिकवते. स्टाफरूममध्ये माझं टेबल सरांच्या टेबलासमोर आहे, आणि त्या शेजाराच्या जोरावरच मी आज उष्णता आणि ऊर्जा या विषयांवर बोलणार आहे. चुका होतील. सर असते तर पहिली चूक त्यांनी केव्हाच पकडली असती, आणि तीसुद्धा माझी नव्हे, प्रमुख पाहुण्यांची. साहेब, रागावू नका, पण आपण मघाशी म्हणालात की ऊर्जा कधी नष्ट होत नाही, तसं सरांचं कार्यही नष्ट होणार नाही. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. सरांनी मात्र हात वर केला असता. ते म्हणाले असते, नष्ट होत नाही हे बरोबर, पण ती कामाला येतेच असं नाही. आता हे माझं भाषण लांबलं, तर माझी ऊर्जा नष्ट होणार नाही. नुसता हा हॉल थोडा तापेल.

मुलं त्यांना कॅलरी सर म्हणतात. त्यांची अंगकाठी पाहता या नावात थोडा दुष्टपणा आहे, आणि ते नाव त्यांना ठाऊक आहे. एकदा त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत कॅलरीची व्याख्या लिहिली आणि खाली लिहिलं, ‘हे आडनाव नाही.’

सर, आज फार उष्णता आहे, असं त्यांच्यासमोर कुणी म्हणायची सोय नव्हती. उष्णता नाही, तापमान जास्त आहे. मग उदाहरण यायचं. तापून लाल झालेली टाचणी आणि बादलीभर कोमट पाणी. तापमान टाचणीचं जास्त, पण उष्णता बादलीत जास्त. म्हणून टाचणी पाण्यात टाकली तर बिचारीचं चुर्र होतं आणि बादलीला पत्ताही लागत नाही. मधल्या सुट्टीत चहा आला आणि तेवढ्यात मला ऑफिसातून बोलावणं आलं, तर ते विचारायचे, दूध आत्ता घालू की तुम्ही आल्यावर? चहा जास्त गरम कसा राहील, सांगा. मी म्हणायचे, आल्यावर. ते म्हणायचे, चूक. आत्ता घाला. जो जास्त गरम असतो तो जास्त भराभर निवतो. मला हे आजही नीट कळलेलं नाही, पण चहा गरम मिळायचा, हे मान्य करते.

घरीही सुटका नव्हती. वहिनी म्हणायच्या, दार लावा हो, थंडी आत येतेय. सर जागचे न हलता सांगायचे, थंडी अशी काही वस्तूच नाही, ती आत येत नाही, आपली उष्णता बाहेर जाते. वहिनी म्हणायच्या, “बरं, ती बाहेर जायच्या आत दार लावा.” एवढ्या वर्षांच्या संसारात हे दार दर वेळी कुणी लावलं, ते मी वहिनींना विचारलेलं नाही. चेहऱ्यावरून कळतंय.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायची परवानगी मी सरांच्या लेकीकडून घेतली आहे. सरांकडून घेतलेली नाही.

लेक याच शाळेत, सरांच्याच वर्गात शिकली. नववीच्या परीक्षेत प्रश्न होता, थंडीत आपण पांघरूण का घेतो? हिने लिहिलं, कारण पांघरूण आपल्याला ऊब देते. सरांनी शून्य दिलं. घरी रडारड झाली. वहिनी लेकीच्या बाजूने उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पांघरूण ऊब देत नाही तर काय देतं? मग जेवणाच्या टेबलावर प्रयोग झाला. बर्फाचे दोन सारखे खडे घेतले. एक तसाच बशीत ठेवला आणि दुसरा लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळला. आधी कुठला वितळेल? मायलेकी म्हणाल्या, मफलरमधला. झालं उलटं. उघडा खडा पाणी होऊन गेला तरी मफलरमधला शाबूत. सरांनी सांगितलं, पांघरूण काहीच देत नाही, ते फक्त जाणाऱ्याला अडवतं. लेकीने विचारलं, मग ऊब येते कुठून? सर म्हणाले, आतून. ज्याची त्याने तयार करायची. गुण मात्र वाढवले नाहीत. लेक वडिलांशी दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसली.

नात जन्मली त्या दिवशी सरांनी काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिच्या पायाला स्पर्श केला. पाय गार होता. एवढा लहान जीव. मोठ्या पातेल्यातलं पाणी तासभर गरम राहतं आणि वाटीतलं लगेच निवतं, हे सरांनीच आम्हाला शिकवलंय. पण त्या क्षणी आपण कुणाला काय शिकवलं, हे कुठलं आठवायला? ते तडक लेकीच्या वॉर्डात गेले आणि म्हणाले, मी घरी जातो, आपलं ते जाड लोकरीचं पांघरूण घेऊन येतो.

लेक तापात होती. बोलताना धाप लागत होती. ती म्हणाली, “बाबा, पांघरूण ऊब देत नाही. तिला स्वतःची करता येत नाहीये अजून. कुणीतरी आपली द्यायला हवी. मला जाऊ देत नाहीत. तुम्ही द्या.”

सरांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त ते बोलत असताना चहा निवून गेला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायची ही रीत हॉस्पिटलमध्ये होतीच. सकाळी जावई आणि दुपारी शाळा सुटल्यावर सर, अशा पाळ्या ठरल्या. पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, आजोबा, शर्ट काढा. सर इकडेतिकडे बघायला लागले. जन्मभर ‘सर’ हीच हाक ऐकलेला माणूस तो; आजोबा म्हणजे आपण, हे त्यांना कळायला वेळ लागला. आणि शर्ट काढा, हे त्याहून अवघड. ज्यांनी सरांच्या गळ्याचं बटण उघडं पाहिलंय अशांनी हात वर करा. वहिनी, तुम्ही नाही.

बाळाच्या कानावर घरच्यांचा आवाज पडू द्या, असं सिस्टरनी सांगितलं होतं. सरांना गाणं येत नाही. त्यांना जे येत होतं ते त्यांनी सुरू केलं. उष्णतेचं स्थानांतरण तीन प्रकारांनी होतं. वहन, अभिसरण आणि प्रारण. वहनात कण जागा सोडत नाहीत, बरं का बाळा. हे सगळं इतक्या हळू आवाजात की सिस्टरना आधी वाटलं, आजोबा जप करतायत. आता त्या वॉर्डातल्या सगळ्या आयांना उष्णतेच्या स्थानांतरणाचे तीन प्रकार पाठ आहेत.

आणि मग एका दुपारी सरांच्या छातीवर असतानाच बाळाचं तापमान उतरायला लागलं. सिस्टर धावल्या, बाळाला पेटीत ठेवलं, आणि मग त्यांनी सरांच्या छातीला हात लावून पाहिला. ती ओलसर होती. बाळाला घेण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं असतं. शाळा उशिरा सुटली म्हणून सरांनी घाईने धुतलं आणि नीट पुसलंच नाही. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. ती कुणाची नेली, हे सांगायला नको. बाळ पेटीत सावरलं, पण सर सावरले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, “मी तिला तीन प्रकार सांगत बसलो होतो. बाष्पीभवन राहिलंच. ते वेगळ्या धड्यात आहे ना.”

आमच्यातलं कुणीही हे वाक्य ऐकून हसलं असतं, एरवी. मला हसू आलं नाही. जन्मभर धडे शिकवले की धड्यांच्या भिंती अशा मनात उभ्या राहतात, आणि पाण्याला त्या दिसत नाहीत. सरांनी सिस्टरना कळवून टाकलं होतं की यापुढे दोन्ही पाळ्या जावई करतील. माझ्या हातून नको. सगळ्यांनी समजावलं. सर ऐकेनात.

त्या संध्याकाळी मी लेकीला भेटायला गेले तेव्हा सर पलंगाशेजारी बसले होते, मान खाली घालून. तिला सगळं कळलेलं होतं. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, “बाबा, तुमच्या विषयात मला शून्य मिळालं, तेव्हा मी काय शाळा सोडली होती?”

सरांनी मान वर केली.

“मग उठा. टॉवेल घ्या आणि जा. ती वाट बघत असेल.”

सर उठले. कोपऱ्यातल्या दोरीवरचा टॉवेल ओढला आणि गेले. ते गेल्यावर लेक मला म्हणाली, मॅडम, त्यांना शून्याची आठवण करून द्यायला मी किती वर्षं थांबले होते. आणि मग रडली. मी तिला पाणी दिलं. यापेक्षा उपयोगाचं मला काही सुचलं नाही.

तेव्हापासून सर रोज जातात. रजा काढून जातात, शाळेतून थेट जातात, आणि आज स्वतःच्या निरोपाला न येता गेलेत. बाळ दूध प्यायला लागलं, अंगावर थोडं मांस धरायला लागलं. परवा सरांनी मला एक नवीन गोष्ट सांगितली. म्हणाले, पूर्वी तिला घेतलं की मला छातीवर गारवा जाणवायचा, आता जाणवत नाही. मी विचारलं, याचा अर्थ काय? ते म्हणाले, दोघांचं तापमान सारखं झालं की उष्णता कुणाकडून कुणाकडे जात नाही. आता ती आपली आपण करते, मला फक्त बसून राहायचंय. असं म्हणताना ते खूश होते. थोडे हिरमुसलेही होते. माझा समज चुकीचा असेल तर असो.

मुख्याध्यापक सर घड्याळाकडे बघतायत, तेव्हा आवरते. संस्थेचे आभार, की रजेच्या अर्जांवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. प्रमुख पाहुण्यांचे आभार, त्यांनी माझी आगाऊ शेरेबाजी हसून सोसली. सरांचे तास घेणाऱ्या तरुण शिक्षिकेचे आभार. आणि वहिनी, तुमचे, कारण आज पुष्पगुच्छ तुम्हाला एकटीला सांभाळायचाय. बोलताना माझ्याकडून कुठे उष्णतेच्या जागी तापमान झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल किंवा जास्तीचा झाला असेल, तर ते माझ्या खात्यावर लावा आणि मला माफ करा.

आता पुढे काय होणार, ते सिस्टरनी सांगितलंय तसं सांगते. थोड्या वेळाने बाळाला सरांच्या छातीवरून उचलतील आणि साध्या पाळण्यात एकटीला ठेवतील, पेटीशिवाय, कुणाच्याही अंगाशिवाय. तासाभराने तापमान बघतील. उतरलं तर पुन्हा काचेत, आणि आईला आणखी थांबावं लागेल. टिकलं, तर, आईचा ताप आता हटल्यामुळे डॉक्टरांनी आज परवानगी दिली आहे, बाळाला तसाच पाळणा ढकलत आईच्या वॉर्डात नेतील आणि तिच्या कुशीत देतील. सिस्टर फोन करणार आहेत. तो आला की वहिनी कुणाचं भाषण चालू असलं तरी उठून जाणार आहेत. बाहेर रिक्षा थांबवून ठेवली आहे. तेव्हा मधल्या वाटेत ज्यांनी खुर्च्या टाकल्यात, त्यांनी त्या कृपा करून आत्ताच थोड्या बाजूला सरकवून घ्याव्यात.