आळीभर काढा

कुसा : आत्या, या तपेल्याच्या आतल्या अंगाला हिरवं दिसतंय. नखाएवढं जाड, पण काढा जिथवर होता तिथे अगदी सरळ रेघ उठलीय.

लंकाबाई : तुळशीचं पान चिकटलं असंल. तपेलं ठेव खाली आणि बापाकडं बघ. पुन्हा ओकला का?

कुसा : नाही. पडून आहेत. पण ‘काढा नको’ म्हणण्याइतके शुद्धीवर आहेत.

लंकाबाई : हळू बोल गं! दार लोटून घे आधी. नाशकात पटकी फिरतीय. खंडेराव ओकला एवढं कुणाच्या कानावर गेलं, की संपलं. गावाबाहेरच्या झोपडीत नेऊन ठेवतील त्याला. एकुलता एक भाऊ हाय माझा.

कुसा : मला जरा विचारू दे. बाबांना जुलाब झाले?

लंकाबाई : नाय.

कुसा : पायात गोळे? आवाज बसला?

लंकाबाई : आवाज कसला बसतोय! मघाशी मला म्हणाला, ‘आक्का, तुझ्या काढ्यापेक्षा पटकी बरी.’

कुसा : मग मला ही पटकी वाटत नाही.

लंकाबाई : तू काय डाक्तरीण लागून गेलीस?

कुसा : नर्ससुद्धा होऊ देत नाहीस तू. नर्स चतुराबाई आज आळीत पटकीची लस टोचायला येणार आहेत. मी दवाखान्यात शिकायला येणार की नाही, ते त्यांना आज सांगायचंय. बाबांना विचारलं की ते म्हणतात, ‘आक्का सांगेल ते.’ आणि तू सिंहस्थापासून एकच म्हणतेस, ‘बघू.’

लंकाबाई : मग बघू! ही काय ती बोलायची येळ हाय? दवाखान्यात सगळी आजारी माणसं. तिथला रोग पदराला चिकटून घरी यायचा. तुझी आई तापानं गेली, तुला मी वाढवली, ती काय रोग्यांच्या उशाशी बसायला? घरात बसलेलं माणूस सुखरूप राहतं. तू म्हणालीस म्हणून गोदागंगेचं पाणी उकळून पितीय मी, गंगेचं! ताजी भाकरी, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, वर माझा काढा. या घरात कुणी शिंकलं का आजवर?

कुसा : शिंकलं नाही कुणी. ओकलं.

लंकाबाई : वाकडं बोलू नको.

कुसा : बरं, काढ्यात काय काय घातलंस?

लंकाबाई : नेहमीचंच. गुळवेल, सुंठ, मिरी, तुळस. आणि अंगात लय ताकद यावी म्हणून औंदा आवळे कुटून घातले, वर लिंबं पिळली. हात आखडता नाय घेतला.

कुसा : आणि तू प्यालीस तो?

लंकाबाई : प्याले की.

कुसा : मग?

लंकाबाई : मग काय?

कुसा : आत्या.

लंकाबाई : सकाळी मोरीत जाऊन आले जरा. कुणाला सांगू नको. घरातल्या कर्त्या बाईनं ओकलेलं बरं दिसत नाय. आणि तू गं कशी ठणठणीत? तुला तर पेला भरून दिला होता.

कुसा : मी तो कढीलिंबाच्या बुंध्याशी ओतला.

लंकाबाई : कुसे!

कुसा : आता त्या झाडाची प्रकृती तेवढी बघायला हवी.

जैतुनबी : (परसाच्या भिंतीपलीकडून) लंकाबाई! ओ लंकाबाई! दिवसाढवळ्या दार लावून बसल्या काय?

लंकाबाई : काय नाय, काय नाय! वारं सुटलंय!

जैतुनबी : वारं? इथं पान हलत नाही. या अल्ला, आमच्या घरी तर सकाळपासून मोरीला रांग लागलीय. हनीफचे अब्बा, हनीफ, मी. पलीकडं कारभारींच्या घरात पण तेच. आळीतले म्हातारे कोंडाजीबाबा तर म्हणतात, माझी वेळ आली, मला ठेवणीतलं धोतर नेसवा.

लंकाबाई : आई गं! आळीत शिरली पटकी!

कुसा : थांब, आत्या. चाची, ओकलेल्या सगळ्यांनी काढा घेतला होता का?

जैतुनबी : घेतला का म्हणजे? तुझ्या आत्यानं या भिंतीवरून भांडं भरून दिलं आणि वर पहारा केला. थेंब ठेवायची सोय नव्हती. कोंडाजीबाबांना तर नाक दाबून पाजला.

कुसा : आणि ज्यांनी घेतला नाही ते?

जैतुनबी : आमच्या सासूबाई. त्या म्हणाल्या, मरायचंच तर तोंड कडू न करता मरते. आता मजेत भाकरी खातायत, बघ.

कुसा : चव कशी होती हो?

जैतुनबी : कडू, आंबट. आणि नंतर जिभेवर कसं... ढब्बू पैसा चोखल्यासारखं.

कुसा : आत्या, हे तपेलं आपलं रोजचं नाही ना?

लंकाबाई : रोजच्यात आळीचा काढा मावंल का? हे यादवांच्या लग्नाचं. पटकीपायी लग्न पुढं गेलं, तपेलं दुकानातच राहिलं. तुझ्या बापानं ठोकलंय, कसं लाल चमकतंय! मी म्हटलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी औषधी. मग औषधच तांब्यात ठेवलं, तर दुप्पट औषधी. रात्रभर मुरू दिला चांगला, उजाडताच वाटला.

जैतुनबी : ठहरो, ठहरो. यादवांचं तपेलं? ते तर कल्हईला आमच्याकडं यायचं होतं. गिऱ्हाईक नाही म्हणून हनीफच्या अब्बांनी भट्टीच पेटवली नाही. मग त्याला कल्हई केली कुणी?

लंकाबाई : कल्हई?

कुसा : केलीच नाही कुणी. कोऱ्या तांब्यात आवळा आणि लिंबू, तेही रात्रभर. आत्या, तुझा काढा कळकला.

लंकाबाई : कळकला? माझा काढा?

कुसा : ताक कळकतं, तसाच. आंबटानं तांबं सुटलं, हे हिरवं तेच आहे.

जैतुनबी : हाय अल्ला! घर तांबटाचं, शेजार कल्हईवाल्याचा, आणि मधल्या भिंतीवरून कळकलेला काढा! अहो हनीफचे अब्बा, उठा! काही मरत नाही तुम्ही! लंकाबाईंनी तांबं पाजलंय!

लंकाबाई : अगं ओरडू नको, आळी ऐकंल!

जैतुनबी : ऐकू दे की! कोंडाजीबाबांचं धोतर परत पेटीत जायला नको?

कुसा : चाची, हसता हसता ऐका. कुणाकडे काढा उरला असेल तर ओतून टाका. सगळ्यांना उकळून गार केलेलं पाणी द्या, घोट घोट. आणि कुणाला जुलाब लागले तर लपवू नका, लगेच मला हाक मारा.

जैतुनबी : जी, डॉक्टरीणबाई! आधी कारभारणीला सांगून येते. तिनं नवऱ्याकडून सगळे नवस बोलून घेतलेत, ते परत घ्यायला लागतील.

लंकाबाई : गेली का ती? आता संध्याकाळपर्यंत पंचवटीला कळणार.

कुसा : चतुराबाईंनाही सांगायला हवं, आत्या. बाबांना त्यांना दाखवायचंय.

लंकाबाई : आता कशाला? तूच म्हणालीस ना, पटकी नाय.

कुसा : माझा तो अंदाज. खात्री ज्यांना कळतं त्यांनी करायची. ही खरीच पटकी असती आणि आपण दार लावून बसलो असतो, तर?

लंकाबाई : नको बोलू तसलं. आत खंडेराव कण्हतोय का?

कुसा : हसतायत. म्हणतात, यादवांना निरोप द्या, तपेलं कुठं गळत नाही, आळीनं तपासून पाहिलंय.

लंकाबाई : हसतोय तर हसू दे. कुसे, तुला भ्या नाय वाटलं गं? बाप ओकत होता. मी देवापुढं हात जोडून बसले, आणि तू भांड्यातली रेघ बघत होतीस.

कुसा : वाटलं की. म्हणून तर एकेक विचारत गेले. विचारायला लागलं की भीती थोडी बाजूला सरकते.

लंकाबाई : रोग बाहेरून येतो म्हणून मी दारं लावली. आणि बाहेरून काहीसुद्धा आलं नाय. माझ्या चुलीवरनं, माझ्या हातानं सगळी आळी आडवी केली मी.

कुसा : चांगल्या मनानं केलंस.

लंकाबाई : मन चांगलंच होतं. कल्हई नव्हती.

कुसा : रडतेस काय! अगं, सगळे बरे आहेत.

लंकाबाई : रडत नाय. धुरीचा धूर गेलाय डोळ्यांत.

कुसा : धुरी आज पेटवलीच नाहीस तू.

जैतुनबी : लंकाबाई! चतुराबाई आल्या हो आळीत! रांगेत पहिले कोंडाजीबाबा, ठेवणीतल्या धोतरात!

कुसा : तू येतेस ना टोचून घ्यायला?

लंकाबाई : येते. दुखलं तर तुझ्या नावानं ओरडंन, आधीच सांगते. पण तू इकडं ये. ही बट मागं घे. पदर सरळ कर. अशी अवतारात उभी राहू नको तिच्यापुढं.

कुसा : माझ्याकडे कोण बघतंय? तू दार तर उघड.

लंकाबाई : उघडते. अहो चतुराबाई! जरा इकडं आधी या. माझा भाऊ ओकलाय, त्याला बघा. कशानं ओकला ते ही पोरगी सांगंल, मला नाय सांगवणार. आणि... तुम्ही सिंहस्थापासनं विचारत होता ना? आमची कुसा येईल तुमच्याकडं शिकायला.