गंगीची वळलेली मूठ

आमी मनियार. माहेर वसमतचं, तिथं बांगड्यांचंच काम, आन् लग्न होऊन कुरुंद्याला आले तर सासरीबी तेच, दुसरं काही येतच न्हाई मला. पेटी घेऊन गावभर हिंडते, लहान-मोठे समदे चाची म्हणतात, चहा घेतल्याबिगर कुणी सोडत न्हाई.

बांगडी भरणं म्हणजे हात हातात घेणं, बाई. दाबून दाबून मऊ करायचा, अंगठा आत वळवायचा, मग काच सरकते. जोर केला की फुटते. आन् लेकरू रागात असलं ना, हात लाकडावानी होतो. लोक तोंडाकडं पाहतात, मी हाताकडं पाहते.

आमच्या गल्लीत गंगी राहते. तिची माय दुखण्यानं गेली, वरीसबी झालं नव्हतं, आन् मागची नागपंचमी आली. आजीनं तिला माझ्यापुढं बसवलं तर पोरीची मूठ सुटंच ना. आजी म्हणे, शेजारच्या सुमीला ढकललं हिनं, तिच्या नव्या बांगड्यांचा चुरा केला, जीवाची मैतरीण ती, आता बोलत न्हाई हिच्याशी, माफी माग म्हणलं तर मागत न्हाई. आन् धरला कान. मी म्हणलं, आजी, सोडा तिला, तुमी आत जाऊन चहा टाका.

मग मी ती मूठ नुसती हातात धरून बसले. माझी माय गेली तवा मी एवढीच होते, समदे म्हणायचे रडू नको, जा खेळ, पण तुला काय होऊन राहिलं असं कुणी इचारलं न्हाई. लई येळानं इचारलं, काहून ढकललं गं बाळ? तर म्हणे, चाची, सुमीच्या मायनं तिला मांडीवर घेऊन बांगड्या भरल्या. आन् हमसून हमसून रडली. काय सांगू तुमाला, माझ्याबी डोळ्याला धार लागली. म्हणलं रड, माय आठवली की राग येतो, मलाबी यायचा, पण सुमीला लागलं ना गं?

रडता रडता मूठ सैल झाली. एका हातात हिरव्या भरल्या, तर दुसरा हात पुढं करून म्हणे, ह्यात सुमीच्या भर, आमचं माप एकच हाय, मी नेऊन देते. भरल्या मी, आन् ती पळाली. मी पेटी आवरत सुमीच्या अंगणाकडं पाहून राहिले.

आता मनियारणीनं भरलेली बांगडी घट्ट बसती, हे त्या पोरीला काय ठाऊक, मलाबी तवा सुचलं न्हाई. ती वढून राहिली, बांगडी निघंना. सुमी आधी तोंड फिरवून उभी, मग कडंकडंनं पाहायला लागली, मग म्हणे, अगं फुटंल ना, थांब, आन् साबण आणला. दोघी वढून राहिल्या, हसून राहिल्या. शेवटी सुमीची माय तेलाची वाटी घेऊन आली, खाली बसली, गंगीला मांडीवर घेतलं आन् एक एक बांगडी सरकवून काढली. समद्या निघाल्या तरी पोरगी उठंना, आन् त्या माउलीनंबी तिला उठवलं न्हाई.

आवंदा पंचमीला दोघी दोन मांड्यांवर. सुमीची माय म्हणे, चाची, भर बाई लवकर, ह्या घोड्या झाल्या, पायाला मुंग्या आल्या माझ्या. मी कशाला लवकर भरते? बांगड्या भरून झाल्यावर दोघी पाया पडल्या. म्हणलं, भांडा, रुसा, पण एकमेकीचा हात सोडू नका. अल्ला तुमाला सुखात ठेवो.