नदीमधलं जेवण

सई आणि अद्वैत,

तुम्ही मला फोनवर एक व्हिडिओ दाखवलात आणि विचारलंत, की लाइफ जॅकेट घालून बोटीत बसलेली ही दोन म्हातारी माणसं काय खात आहेत, आणि काठावरचे लोक का हसत आहेत. नदी आपलीच आहे, पैनगंगा. रिसोडहून एसटीने तिथे जाता येतं. बोटीतली बाई म्हणजे वच्छलाबाई. तुमचे बाबा लहान होते तेव्हापासून त्या आपल्या दारात मेथी, वांगी आणि हिरव्या मिरच्या घेऊन येतात. समोर बसलेला त्यांचा मोठा भाऊ.

आताच लिहायचं कारण असं, की वच्छलाबाईंचे गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देत नाहीत. पुढच्या महिन्यापासून भाजी घेऊन त्यांची सून येणार आहे. म्हणून मी त्यांना व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या मेथी निवडत बोलत होत्या आणि मी लिहीत होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे मला दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करायची सवय आहे. ती इथे आवरली आहे. त्या 'मला' म्हणत नाहीत, 'मले' म्हणतात, आणि 'का'च्या जागी 'काहून'. चार ओळींत तुमचा कान सरावेल. मला त्या 'बाई' म्हणतात.

आता पुढचं सगळं त्यांचं.

माहा जनम पल्याडचा. पल्याड म्हंजे नदीच्या त्या अंगाले, आता तठं हिंगोली जिल्हा लागते, पन माह्या सासूच्या तोंडात शेवटपर्यंत मोगलाईच होती, काहून की तिकडं आधी निजामाचं राज होतं आन इकडं इंग्रजाचं. निजाम गेला, इंग्रज गेला, आन मंग कितीक वर्सानं मी नवरी होऊन इकडं आली, तरी सासू शेजारनीले म्हने, मोगलाईतली आनली बाप्पा, भाकर तरी थापता येते का पाहा. मले भाकर येत होती, पन तिच्यासारखी नाई येत होती, आमच्याकडं जाड थापत, इकडं पातळ. बोलनंबी निराळं. मी मला म्हनलं की ननंदा हासत, मंग मी मले म्हनाले शिकली, आन माहेरी गेली की तिकडच्या पोरी हासत, आली बघा वऱ्हाडीन. अशी दोन्हीकडून हासून घेतली, काय सांगू तुमाले बाई.

माहेर डोळ्यापुढं होतं, हेच तर. मी मिरच्या तोडाले वावरात उभी राह्यली की पल्याड मायच्या चुलीचा धूर दिसे. मधात फक्त नदी. पावसाळ्यात तिले पूर, मंग धूर पाहून घ्याचा आन समजाचं की माय बरी हाये.

माहा बाप जुन्या चालीचा. लेक दिली त्या गावचं पानी तोंडात घ्याचं नाई, अन्न तर दूरच. तवा लय लोक पाळत हे. बाप मले भेटाले येई तर घरून तांब्या भरून आने, वर फडकं बांधून, आन आमच्या ओट्यावर बसून आपलंच पानी पेई. सासरा चिडवे त्याले, म्हने काहो इवाई, आमच्या हिरीत विख हाये काय. बाप हासे, म्हने विख न्हाई जी, लेक हाये. मले राग ये तवा. एवढ्या हौसेनं मी चहा करू, आन तो कपाले हात नाई लावे.

बाप गेल्यावर मले वाटलं सुटलं आता, पन माह्या दादानं, किसनदादानं, तेच धरलं. आमच्यात दादा सगळ्यात मोठा, बापाच्या जागी. मी म्हनलं, दादा, आता कोन पाळते रे हे, तुहा पोरगा तर माह्या घरी येऊन मॅगी खाऊन जाते. तो म्हने, पोरगं पोराच्या जागी, मी मपल्या बापाच्या जागी. मपल्या म्हंजे माह्या, तिकडं असंच बोलतात. मंग मीबी सोडून देल्लं. भांडून काय, तो काई वाईट मानूस नाई, राखीले येते, चोळी आनते, फक्त खात नाई.

पन एक दिवस खाये. तेच सांगून राह्यली.

माघात नदीचं पानी उतरते, दोन धारा होतात, आन मधात रेती उघडी पडते, चांगली लग्नाचा मांडव बसन एवढी. तठं आमच्या दोन्ही गावाचे रोडगे होत. तुमच्या नातवाईले रोडगा माहीत नसन. गव्हाचं जाडसर पीठ, त्याले तेलाचं मोहन, घट्ट मळून गोळे कराचे, गोवऱ्याच्या आरात, म्हंजे निखाऱ्यात, भाजाचे, मंग राख झटकून फोडाचे आन वरून तूप. संगं वांग्याची भाजी, झनझनीत. आता आमची रीत अशी की रोडगे आमच्या काठानं कराचे आन भाजी पल्याडच्या काठानं आनाची. आमी त्या दिवशी भाजी करत नाई, ते रोडगे करत नाई. सासरा सांगे, निजामाच्या वक्ती तिकडं नाका होता, धान्य न्याले बंदी, म्हून लोकं शिजवून मधात आनत आन तठंच खात, पोटात गेलेलं कोन मोजते. पल्याडच्या महादेवाच्या देवळातला पुजारी म्हने, नाई, देवानं सांगतलं. मले दोन्ही पटते.

माह्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की मधली रेती कोनाचंच गाव नाई. ना लेकीचं, ना बापाचं. तठं बाप माह्या हातचा रोडगा खाये, आन बापामागं दादा. आरातला पहिला रोडगा मी काढू, पदरात गुंडाळून त्याच्याकडं नेऊ, तो भाजीच्या डब्याचं झाकन काढे. खाऊन दरसाल एकच बोले, राख जास्त लागली. बस. वर्साचं माहेर तेवढंच.

मंग टुरिझम आलं.

खोटं कायले सांगू, चांगलं झालं. आधी आमच्या गावाले जीपवालाबी येत नव्हता, आता रस्ता झाला. दोन्ही काठाले घाट बांधला, दिवे लागले, इकडचा जिल्हा आन तिकडचा जिल्हा मिळून महोत्सव ठरला, दोन तीर एक नदी असं काईतरी फलकावर लिवलं. पर्यटक येतीन, बोटीत फिरतीन, आमचं खातीन. आमच्या बचत गटाच्या बायाले टोप्या देल्ल्या, मीबी घातली, सून म्हने आत्याबाई, तुमी तर हॉटेलात लागल्या. आमाले हासू ये, पन बरं वाटे. एवढी वर्सं आमच्या नदीकडं कोनी पाह्यलं नव्हतं.

बैठक झाली घाटावर, मांडवात. इकडचे साहेब, तिकडच्या मॅडम, दोन्ही गावचे सरपंच. ठरलं असं की पहिला दिवस आमच्या काठावर आन दुसरा दिवस पल्याड, काहून की इकडची पोलीस तिकडं जात नाई आन तिकडचा मांडव इकडं येत नाई, जिल्हे दोन ना. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मी उठली. मी म्हनलं साहेब, मंग आमच्या रोडग्यासंगं भाजी कोन आननार. साहेब चांगले होते, हासून म्हने आजी, तुमच्याकडे वांगी पिकत नाहीत का. आता मी वांगेच विकते, सगळा मांडव हासला. मी म्हनलं पिकतात जी, पन आमची चालत नाई. सरपंच म्हने वच्छलामाय, बस आता, केटरर सांगतला हाये. मी बसली.

आन दुसरं तर कोनी बोललंच नाई. बोट चालवाले पानी पायजे, म्हून खालच्या बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्या. पानी थुपलं, साचून तलावासारखं झालं, लय सुंदर दिसे. माघ आला तरी रेती काई निघाली नाई. मी रोज वावरातून पाहू. मंग समजलं, रेती पान्याखाली हाये, आन बोटी वरून चालल्या.

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी आमी आर पेटवला, घाटावर, खाली पत्रा टाकून. पाव्हने बम आले. दादाचं नाव स्टेजवरून घेनार होते, पल्याडचे ज्येष्ठ शेतकरी म्हून शाल देनार होते. तो बोटीतून आला, धोतरावर नारिंगी जॅकेट, मांडीवर भाजीचा डबा. बोट आमच्या पायरीले लागली. माइकवरून नाव पुकारलं. दादा बसूनच. पुन्हा पुकारलं. साहेब सवता खाली आले, म्हने बाबा, हात द्या, पाय जपून टाका. दादा म्हने, पाय चांगले हायेत सायब, उतरायचंच न्हाई. साहेब म्हने, का बरं. दादा म्हने, इथं मपली बहीन दिलीया. साहेबाले काई समजलं नाई, ते मॅडमकडं पाहाले लागले. मॅडम तिकडच्याच, त्या खाली मान घालून म्हनल्या, सर, माझे आजोबापण असेच होते, राहू द्या. मंग शाल बोटीतच नेऊन देल्ली.

आन शाल घेऊन तो वापस निंघाला असता, बाई. डबा तसाच घेऊन. ते मले दिसलं. मी आरातून रोडगा काढला, पदरात घेतला आन पायऱ्या उतरली. बोटवाला म्हने, आजी, जॅकेट घातल्याबिगर बसता येत नाई. मी म्हनलं घाल बापा. लुगड्यावर जॅकेट, रोडगा पोटाशी, गरम, आंगाले पोळे. दादा म्हने चल मधी. मधात गेल्यावर त्यानं पान्यात पाह्यलं, इकडं पिंपळ पाह्यला, तिकडं देवळाचा कळस पाह्यला, आन म्हने थांबव, रेती इथंच हाये खाली. बोटवाल्यानं थांबवली.

तठं जेवलो आमी. तोच तुमचा व्हिडिओ. काठावरून कोनी पोरगी वरडली, आजी, पान्यात काहून जेवता, इकडं टेबल हाये. लोकं हासले, त्याईचं काई चुकलं नाई, दिसतच होतं हासन्यासारखं. दादानं घास घेतला, म्हने राख जास्त लागली. आन मंग थोड्या वेळानं म्हने, पुढच्या साली मपल्याला बोटीत चढता यायचं न्हाई, गुडघे गेले. माहेबी तेच हाल होते.

मंग पुढचं वर्स आलं आन सरपंच गटाले पुन्हा रोडग्याचं सांगाले आला. पेपरात फोटो रोडग्याचाच आलता, पाव्हने तेच इचारत. मी बायाईले आधीच सांगून ठुलं होतं. आमी म्हनलं करू, पन रेतीवर, काठावर आर पेटनार नाई. सरपंच म्हने, वच्छलामाय, बोटीचं काय करू मंग. मी म्हनलं बोट दुसऱ्या दिवसापासून चालव, नदी कुठं पळून चालली. तो म्हने परवानगी लागते. मंग इकडच्या साहेबाले इचारलं, मधली रेती कोनाच्या हद्दीत हाये. ते म्हने बहुतेक तिकडे. तिकडं इचारलं, मॅडम म्हनल्या बहुतेक इकडे. हद्द कोनाची तेच माहीत नाई, म्हून नाई म्हननाराबी कोनी भेटला नाई. दोन्ही गावाईनं मिळून फळ्या काढल्या, आर्ध्या आमच्याईनं, आर्ध्या त्याईनं, बंधाराबी आर्धा आर्धाच हाये ना. दोन दिवसात रेती वर आली, वली, पन तीच, आन तवापासून दर माघात फळ्या काढतो.

आवंदा दादाले त्याच्या पोरानं आन नातवानं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आनलं, धारेतून, खुर्ची खांद्यावर. नवरदेवच निंघाला म्हने लोकं. मी सुनेच्या खांद्याले धरून आली. आता त्याले कमी आयकू येते, मीबी जास्त बोलत नाई. पर्यटक आजूबाजूनं फोटो काढत होते, काढू द्या. त्याईलेबी आमी वाढलं, दोन्ही काठाचं.

माही सून भाजी घेऊन येईन आता, तिले मेथी जरा निवडून घ्याले सांगजा बाई, ती घाई करते. आन नातवाईले सांगजा, आले तर माघात या. तुमचं सगळ्याईचं भलं होवो.

इथे वच्छलाबाईंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि त्या उठल्या.

मुलांनो, मी या वर्षी तिथे जाऊन आले. दोन्ही काठांवर घाट आहेत, फलक आहेत, बोटी बांधलेल्या आहेत. वच्छलाबाईंचा भाचा आता जाता-येता त्यांच्या घरी चहा घेतो, त्यामुळे ती पाण्याची रीत किसनदादांबरोबर संपेल. मधली रेती दर माघात वर येते, आणि पहिला रोडगा अजून तिथेच फुटतो.

आजी