आईसाठी खाली आणलेली गाडी

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांची आई आत होती.

"गाडीला नक्की काय केलंस तू?"

"स्प्रिंगा कापून घेतल्या, ताई. गाडी खाली यावी म्हणून."

"खाली कशाला?"

"आईला चढता येईना. माझ्या घरी न्यायला गेलो की म्हणायची, गुडघे दुखतात, तुझी गाडी उंच आहे. काल म्हटलं, आता बघ, जमिनीला टेकवली. तेव्हा कुठे बसली."

"आणि पहिल्याच खड्ड्यात कंबर धरली."

"तेच कळत नाही गं! कापल्यावर मऊ व्हायला हवी ना? उलट दगडासारखी झाली. गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंगला दबायला जागाच उरली नाही. वर म्हणे, चाक खाली लोंबकळलं तर स्प्रिंग जागेवरून निसटूही शकते."

"हे कापायच्या आधी नाही सांगितलं त्याने?"

"आधी म्हणाला, काही होत नाही."

"धन्य आहात दोघं."

"माझं काय चुकलं? तिला चढता यावं म्हणूनच ना?"

"अरे, माझ्याकडे ती बसने येते."

"बसने? चढवतं कोण तिला?"

"कोण कशाला चढवेल? हातात पिशवी घेऊन एकटी येते."

"पण बसची पायरी तर माझ्या गाडीपेक्षा उंच असते."

"असते."

"मग माझ्याकडे यायचं म्हटलं की..."

दार उघडलं. कमरेवर हात ठेवून आई हळूहळू बाहेर आली.

"तू हो पुढे, बाळा. आम्ही दोघी बसने जातो."